बेताची आच

(एस. वाय. बी. ए.)

यंदा आमच्या गावच्या जत्रेत एक नवेच दुकान आले होते. टेबलावर एक लहानशी पेटी, तिला जोडलेला संगणक आणि पुढे पोलादी कीचेनांचा ढीग. आपण नाव सांगायचे, की पेटीतून एक बारीकसा तेजस्वी ठिपका चुरचुरत कीचेनवरून फिरायचा आणि अर्ध्या मिनिटात नाव उमटायचे. शाई नाही, रंग नाही, कोरणी नाही. मी दोन नावे घालून घेतली. पहिले काळे उमटले आणि दुसरे पिवळसर सोनेरी. मी विचारले, "रंग कुठला वापरता?" दुकानदार हसला. म्हणाला, "रंग कसला, ताई? लेसर आहे. सेटिंग बदललं की रंग बदलतो." आणि पुढच्या कीचेनवर त्याने निळे नाव काढून दाखवले.

पिवळा, जांभळा, निळा. हे रंग मी यापूर्वी पाहिले होते, आणि याच क्रमाने पाहिले होते. आमच्याच घरी, आबांच्या भात्याजवळ.

माझे वडील लोहारकाम करतात. विळे, खुरपी, कोयते आणि पाथरवटांच्या छिन्न्या हे त्यांचे मुख्य काम. छिन्नीला 'पाणी देणे' हा त्यातला सर्वांत नाजूक भाग. छिन्नीचे टोक लालबुंद करून पाण्यात बुडवले की पोलाद कठीण होते, परंतु ते तितकेच ठिसूळही होते. पहिल्याच घावाला टवका उडतो. म्हणून फक्त टोक बुडवतात, मागचा भाग तापलेला ठेवतात, आणि टोक दगडावर घासून चकचकीत करतात. मागे राहिलेली आच हळूहळू टोकाकडे सरकू लागते आणि त्या चकचकीत पोलादावरून रंग धावू लागतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग टोकाशी आला की छिन्नी पुन्हा पाण्यात. सगळा खेळ काही क्षणांचा.

मी आठवीत असताना एकदा आबांना कोणी हाक मारली आणि सांडशी माझ्या हाती आली. मी आगीकडे बघत राहिले. पिवळा गेला, जांभळा गेला, निळाही गेला आणि टोक राखाडी झाल्यावर मी ते पाण्यात घातले. दुसऱ्या दिवशी पाथरवट छिन्नी घेऊन परत आला. टोक दगडावर चेपून बोथट झाले होते. आबा एवढेच म्हणाले, "रंग पळाला. आगीकडं काय बघायचं? रंगाकडं बघायचं असतं."

ते रंग कोठून येतात हे आबांना कोणी सांगितले नव्हते, आणि मलाही ते जत्रेतल्या त्या पेटीपर्यंत विचारावेसे वाटले नव्हते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही, आणि विज्ञानासाठी रोज तालुक्याला जाणे आमच्या घरी परवडणारे नव्हते. परंतु माझी एक मैत्रीण भौतिकशास्त्र घेऊन एम. एस्सी. करते. तिच्या पुस्तकांतून आणि तिला विचारून विचारून जे समजले, ते येथे मांडते आहे. चुकले असेल ते जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम रंगाविषयी. तापलेल्या पोलादाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. याला शास्त्रात पातळ पटल म्हणतात. त्याची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. डोक्याचा केस साधारणतः सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, आणि छिन्नीवरचे रंगीत पटल पन्नास-साठ नॅनोमीटरच्या आसपास. अशा पटलावर प्रकाश पडला की त्याचा काही भाग वरच्या पृष्ठभागावरून परततो आणि काही भाग पटलातून खाली जाऊन पोलादावरून परततो. हे दोन परतलेले प्रकाश एकत्र येतात तेव्हा काही रंग एकमेकांना मारतात व काही टिकतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसणारे रंग याच जातीचे. पटल फार पातळ असेल तर जांभळा-निळा रंग मरतो, म्हणून आपल्याला पिवळे दिसते. जाडी थोडी वाढली की हिरवा मरतो व जांभळे दिसते. आणखी वाढली की पिवळा-तांबडा मरतो आणि उरतो तो निळा. म्हणजे आबा रंग बघतात असे आपण म्हणतो, परंतु ते खरोखर ऑक्साइडच्या पटलाची जाडी वाचत असतात, आणि त्या जाडीवरून पोलादाला लागलेली आच. फिकट पिवळा म्हणजे सुमारे २२० अंश सेल्सियस, निळा म्हणजे सुमारे ३००. मधल्या ऐंशी अंशांत छिन्नीचे सारे भवितव्य असते.

जत्रेतल्या लेसरनेही हेच केले होते. ठिपका किती जोराचा, किती वेगाने फिरवायचा, किती वेळा फिरवायचा, यावरून पोलादाला मिळणारी आच ठरते. आचेवरून पटलाची जाडी आणि जाडीवरून रंग. दुकानदाराचे 'सेटिंग' म्हणजे हेच.

मात्र येथे एक फरक लक्षात घेतला पाहिजे. छिन्नीवरचे पटल हा नुसता निरोप्या आहे. छिन्नी कठीण किंवा मऊ होते ती आतल्या पोलादामुळे. पटल फक्त आच किती झाली ते सांगते. प्रयोगशाळेत मात्र पटल हीच मुख्य वस्तू असते. मोबाइलच्या पडद्यावर वीज वाहून नेणारा आणि तरीही डोळ्यांना न दिसणारा जो थर असतो तो इंडियम व कथील यांच्या ऑक्साइडचा. वायूचा वास घेणाऱ्या उपकरणांत, सौर घटांत, विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पट्ट्यांत अशीच निरनिराळ्या धातूंच्या ऑक्साइडांची पटले वापरतात. अशी पटले तयार करण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी एक लेसरची, आणि तिच्यात ऊर्जेचा बेत साधणे हे छिन्नीला पाणी देण्याइतकेच नाजूक काम आहे.

पहिला लेसर १९६० च्या मे महिन्यात अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून तयार केला. त्यानंतर पाचच वर्षांत, १९६५ साली, स्मिथ आणि टर्नर या दोघांनी माणकाच्या लेसरने निर्वात पात्रात पदार्थ उडवून त्यांची पटले बनवून दाखवली. परंतु ती पद्धत पुढे वीस वर्षे बाजूलाच पडून राहिली. तिचे दिवस पालटले ते १९८७ साली. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्त्स आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत नव्या प्रकारची अतिसंवाहकता आढळली, म्हणजे विजेला होणारा विरोध पूर्णपणे नाहीसा होण्याचा गुण. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी यिट्रियम, बेरियम व तांबे यांचे एक ऑक्साइड सापडले. ते सुमारे उणे १८१ अंश सेल्सियसलाच अतिसंवाहक होते. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो, तेव्हा एवढे थंड करणे सोपे झाले. आता प्रश्न असा की या त्रिधातूच्या ऑक्साइडचे पटल करायचे कसे? यिट्रियम, बेरियम व तांबे यांचे प्रमाण एकास दोनास तीन असेच राहायला हवे. नुसते तापवून वाफ केली तर प्रत्येक धातू आपापल्या वेळेला उडतो आणि प्रमाण बिघडते. भारतात शिकून अमेरिकेत गेलेले टी. वेंकटेशन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्येच लेसरच्या स्पंदांनी हे पटल करून दाखवले, आणि पद्धतीला खरी प्रतिष्ठा मिळाली.

ती पद्धत अशी. ज्या ऑक्साइडचे पटल हवे त्याची पूड दाबून व भाजून एक वडी करतात. वडी निर्वात पात्रात ठेवून ती फिरती ठेवतात, म्हणजे एकाच जागी खड्डा पडत नाही. समोर चार-पाच सेंटिमीटरवर एक तापलेली चकती असते; तिच्यावर पटल बसायचे, म्हणून तिला आपण बैठक म्हणू. पात्रात थोडासा ऑक्सिजन सोडतात. बाहेरून अतिनील लेसरचे स्पंद वडीवर पाडतात. क्रिप्टॉन-फ्लोरिन वायूंचा, २४८ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर यासाठी पुष्कळदा वापरला जातो.

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. एका स्पंदात समजा ०.२ ज्यूल ऊर्जा आहे. आमचा दोन किलोचा घण एक मीटरवरून नुसता सोडला तरी ऐरणीवर सुमारे २० ज्यूल ऊर्जा आपटते, म्हणजे लेसरच्या शंभरपट! मग घणाने लोखंड फक्त चेपते आणि लेसरने ऑक्साइडाची वाफ होते, ती का? कारण लेसर ती ऊर्जा तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढ्या जागेवर आणि सुमारे वीस नॅनोसेकंदांत ओततो. सेकंदाचे पाच कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात. तेवढ्या क्षणापुरती त्याची शक्ती एक कोटी वॅट होते. म्हणून येथे नुसती ऊर्जा सांगून भागत नाही. एका चौरस सेंटिमीटरवर एका स्पंदात किती ज्यूल पडले, ते सांगावे लागते. याला आपण ऊर्जेची दाटी म्हणू. वरच्या उदाहरणात ती साधारण २ ज्यूल होते. ऑक्साइडांसाठी पुष्कळदा ती १ ते ५ ज्यूलच्या दरम्यान ठेवतात.

दाटी फार कमी असेल तर वडी नुसती तापते आणि जो घटक लवकर उडणारा तोच आधी निघून जातो. म्हणजे लेसर असूनही तो चुलीसारखाच वागतो. दाटी एका उंबरठ्यापलीकडे गेली की चित्र बदलते. वडीच्या पृष्ठभागाचा अगदी पातळ थर एवढ्या झपाट्याने उडतो की कोणत्याही घटकाला मागे राहायला वेळच मिळत नाही. अणू, आयन आणि इलेक्ट्रॉन यांचा एक तेजस्वी तुरा वडीपासून सरळ पुढे झेपावतो. त्यातल्या कणांचा वेग सेकंदाला काही किलोमीटर, प्रसंगी दहा किलोमीटरच्या घरात जातो. या तुऱ्यात धातूंचे प्रमाण वडीतल्यासारखेच असते. वेंकटेशन यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवले की वडीतून निघणाऱ्या द्रव्याचे दोन भाग असतात. एक समोर झेपावणारा, प्रमाण राखणारा. आणि दुसरा सर्व बाजूंना पसरणारा, साध्या वाफेसारखा, प्रमाण न राखणारा. पहिला मिळवायचा आणि दुसरा टाळायचा, यातच पटल करणाऱ्याचे कौशल्य आहे.

मग दाटी वाढवतच का नेऊ नये? कारण उंबरठ्याच्या पलीकडेही सीमा आहे. ऊर्जा फार झाली की वडीचा वितळलेला भाग उसळतो आणि त्याचे बारीक थेंब उडतात. घण बसला की जशा ठिणग्या उडतात तसे. हे थेंब कधीकधी एक हजार नॅनोमीटरएवढे असतात. दोनशे नॅनोमीटरच्या पटलावर असा थेंब बसणे म्हणजे सारवलेल्या अंगणात धोंडा येऊन पडण्यासारखे आहे. दुसरे असे की फार वेगाने आलेले कण बैठकीवर अलगद बसत नाहीत. ते आधी बसलेल्या अणूंना धक्के देतात, जागचे हलवतात, काहींना उडवूनही लावतात. स्फटिकाची रांग मोडते. उलट वेग फारच कमी असेल तर अणूंना बैठकीवर आपली जागा शोधण्याइतकी हालचाल करता येत नाही आणि कणदार, विस्कळीत पटल तयार होते. चांगले पटल या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी असते, आणि ती जागा प्रत्येक ऑक्साइडाची वेगळी असते.

झिंक ऑक्साइडचेच उदाहरण घ्या. मलमातली पांढरी पूड म्हणून ते आपल्याला माहीत आहे. पटल केले की ते पारदर्शक होते, आणि त्यात थोडे ॲल्युमिनियम मिसळले की वीजही वाहून नेते. लेसरची ऊर्जा काही मर्यादेपर्यंत वाढवली की त्याचे स्फटिककण सुधारतात व रांगेत येतात. त्यापुढे दोष वाढू लागतात. पटलात ऑक्सिजन थोडा कमी पडला तर मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात व वीज अधिक वाहते. परंतु दोष फार झाले की तेच इलेक्ट्रॉन वाटेत अडखळतात आणि पटलाची पारदर्शकताही घटते. एकच पदार्थ, परंतु आच बदलली की त्याचा गुण बदलतो.

त्याहून नेमके उदाहरण स्ट्रॉन्शियम टायटनेटचे. त्यात स्ट्रॉन्शियम व टायटेनियम एकास एक असावे लागतात. जपानमध्ये ओनिशी, लिप्मा आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये दाखवले की ऊर्जेची दाटी कमी ठेवली तर पटलात स्ट्रॉन्शियम जास्त होते आणि दाटी अधिक झाली तर टायटेनियम. दोन्हींच्या मध्ये एकच बिंदू असा असतो की तेथे प्रमाण बरोबर जमते. प्रमाण बिघडले की ०.३९०५ नॅनोमीटरची स्फटिकाची घडी किंचित फुगते, आणि ते फुगणे क्ष-किरणांनी मोजता येते. म्हणजे येथेही निरोप्या आहेच. फक्त तो रंगाऐवजी घडीच्या मापाने बोलतो.

अर्थात सगळा भार लेसरवर टाकणे बरोबर नाही. बैठकीची उष्णता आणि पात्रातला ऑक्सिजन हे त्याचे दोन जोडीदार. ऑक्सिजन तुऱ्याचा वेग आवरतो आणि वाटेत सांडलेला ऑक्सिजन पटलाला परत देतो. वर सांगितलेल्या यिट्रियम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडात ऑक्सिजनचे अणू सातच्या जवळ असले तर ते अतिसंवाहक. सहाच्या जवळ आले की तेच रोधक होते. म्हणून पटल झाल्यावर ते ऑक्सिजनमध्येच सावकाश थंड करतात. भाता, आग आणि पाणी या तिघांचा मेळ बसल्याशिवाय जशी छिन्नी होत नाही, तसेच हे.

हे सारे परदेशातच चालले होते असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या पद्धतीने अतिसंवाहक पटले तयार झाली. आमच्या कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात लेसरऐवजी तापल्या काचेवर क्षारांचे द्रावण फवारून ऑक्साइडची पटले करण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. ती पद्धत स्वस्त आहे, मोठ्या काचेवर चालते, आणि तिच्यातही आचेचा बेत सांभाळावा लागतोच. परंतु मला सर्वांत जवळचा वाटला तो पुण्याचा एक प्रयोग. १९८७ साली पुणे विद्यापीठातील सतीशचंद्र ओगले, व्ही. जी. भिडे आणि त्यांचे सहकारी यांनी पाण्याखाली ठेवलेल्या लोखंडावर लेसरचे स्पंद सोडले. पृष्ठभाग क्षणार्धात वितळला, पाण्यातल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला आणि तितक्याच झपाट्याने तो थंडही झाला. लोखंडावर ऑक्साइडचा थर गोठून राहिला. हे वाचताना मी थांबलेच. तापवणे आणि पाणी देणे, दोन्ही एकाच क्षणात, आणि तेही पाण्याच्या आत! हे ओगले पुढे अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात वेंकटेशन यांच्याबरोबर काम करीत होते.

एके संध्याकाळी हे सगळे मी आबांना सांगितले. ते विडी न पेटवता ऐकत राहिले. मग त्यांनी विचारले, "आन् बेत साधला ते त्यास्नी कसं कळतं? तिथंबी रंग दिसतो का?" मी म्हटले, काही अंशी दिसतो. सराव झालेला माणूस पटलाच्या रंगावरून जाडीचा अंदाज करतो. बाकी क्ष-किरण आहेत, इलेक्ट्रॉनचे झोत आहेत. "आन् रंग पळाला तर?" मी म्हटले, पटल टाकून देतात आणि ऊर्जा बदलून दुसरे करतात. यावर त्यांनी मान हलवली.

मग मी जत्रेतले निळे कीचेन त्यांच्या हाती ठेवले. ते उजेडात फिरवून म्हणाले, "निळं झालं म्हंजे मऊ पडलं." हे मात्र मला खोडून काढावे लागले. लेसरचा स्पंद इतका थोडा वेळ टिकतो की उष्णतेला आत शिरायला सवडच मिळत नाही. रंग येतो, पण आतल्या पोलादाला त्याचा पत्ता नसतो. भट्टीत रंग आणि आतली आच बरोबर चालतात. लेसरने त्यांची फारकत केली. आबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी कानस घेतली, कीचेनच्या कडेला दोनदा चालवली आणि म्हणाले, "हे आधीपासनंच मऊ हाय. कीचेनला कठीण हून काय करायचंय?" आमचा वाद तेथेच संपला.

ती बिघडलेली छिन्नी आबांनी त्या वेळी फेकली नव्हती. पुन्हा तापवून, पुन्हा पाणी देऊन त्यांनी पाथरवटाला परत दिली होती. आता सुट्टीच्या दिवशी कधीकधी सांडशी माझ्याकडे असते. टोकाकडे रंग येऊ लागला की माझ्या मनात नॅनोमीटर येतात, आबांच्या नजरेत नुसता रंग असतो. दोघांचे एकमत झाले की छिन्नी पाण्यात जाते.